मृगाच्या किड्याचे पाय



बरेच दिवस झाले, इथं काही लिहिणं झालं नाही. दोघातिघांनी फोन करून विचारलंसुद्धा, "काय मावशी, लिहिणं सोडलं की काय?" सोडलं नाही हो. मी अभ्यास करत होते. हसू नका. पंचाहत्तरीला टेकल्यावर मी खरोखर एका परीक्षेचा अभ्यास केला आणि तोही कीटकशास्त्राचा! परीक्षा अर्थातच माझी नव्हती, नातीची होती. पण अभ्यास आम्ही दोघींनी केला.

आमच्या नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच की २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी धाकट्याकडे न्यू जर्सीला गेले होते. सहा महिने राहायचं होतं. नात तिथं सातवीत. तिकडे शाळांसाठी 'सायन्स ऑलिम्पियाड' नावाची स्पर्धा असते, १९८४ पासून चालू आहे म्हणे. शाळेचा पंधरा जणांचा संघ आणि तेवीस विषय. कुणी पूल-मनोरे बांधतं, कुणी यंत्रं करतं, कुणी खडक आणि जीवाश्म ओळखतं. प्रत्येक विषयाला संघातली दोन-तीन मुलं बसतात. आमच्या नातीच्या आणि तिच्या एका मैत्रिणीच्या वाट्याला आले कीटक. चित्र किंवा टाचणीला टोचलेला खराखुरा किडा समोर येणार आणि तो कोणत्या गणातला, कोणत्या कुळातला हे ओळखायचं.

मुलगा-सून दोघं नोकरीवर. मैत्रीण राहते गाडीच्या अंतरावर. शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत घरात माणूस एकच, ते म्हणजे मी. एके दिवशी पोरीनं पत्त्यांच्या कॅटएवढा जाड गठ्ठा माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "आजी, मला क्विझ करशील?"

पत्त्यांच्या एका बाजूला किड्याचं चित्र, दुसऱ्या बाजूला नाव. मी चित्र दाखवायचं, तिनं नाव सांगायचं, मी बरोबर की चूक ते बघायचं. आता माझी पंचाईत समजून घ्या. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातून. बी.ए.ला मराठी आणि संस्कृत. शास्त्राशी संबंध आला तो जुन्या अकरावीपर्यंत, तोही पास होण्यापुरता. इंग्रजी मी वाचते, पण ही नावं इंग्रजीही नव्हती. पहिलंच नाव वाचताना माझी जीभ अशी काही अडखळली की नात पोट धरधरून हसली.

मग मी माझा उपाय केला. तिला एकेक नाव हळू म्हणायला लावलं आणि पत्त्याच्या मागे देवनागरीत लिहून घेतलं. कॅराबिडी, स्कॅराबिडी, कॉक्सिनेलिडी, लॅम्पिरिडी, फॉर्मिसिडी, सिरफिडी... दोन संध्याकाळी त्यात गेल्या. लिहिता लिहिता लक्षात आलं, की सगळ्या कुळांचा शेवट एकच, 'इडी'. तिला विचारलं, हे काय? तिलाही सांगता येईना. रात्री मुलानं बघून सांगितलं, की हा ग्रीक भाषेतला प्रत्यय आहे, अर्थ 'अमक्याचा पुत्र' किंवा 'अमक्याचा वंशज'.

मंडळी, मी खुर्चीतून उठलेच! पस्तीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले. पंडूचे ते पांडव, रघूचा तो राघव, कुंतीचा कौंतेय, गंगेचा गांगेय. अपत्यार्थी तद्धित प्रत्यय! तोच हा, ग्रीक वेषात. नातीला सगळं समजावून सांगितलं. तिला पांडव चित्रांच्या पुस्तकातून माहीत होते. तिला ते फारच आवडलं. मग आम्ही कुळांना तशी नावंच ठेवली. मुंग्यांचं कूळ फॉर्मिसिडी, म्हणजे सगळ्या 'फॉर्मिकेय'. पुढे गणांची नावं आली तेव्हाही तसंच. 'डिप्टेरा' म्हणजे दोन पंखांचे. त्यातलं 'डि' म्हणजे आपलं 'द्वि', आणि पंखाला ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो आपल्या 'पत्र' या शब्दाचा सख्खा भाऊ. संस्कृतात पत्र म्हणजे पानही आणि पंखही. डिप्टेरा म्हणजे चक्क द्विपत्र! जे नाव वाचताना माझी बोबडी वळत होती ते घरचंच निघालं.

आणि गण, कूळ हे शब्द तर आपल्याकडे पत्रिका जुळवताना रोजचेच. नात म्हणाली, "आजी, म्हणजे किड्यांचं लग्न जमवायचंय का?"

तर अशी सुरुवात झाली. पण लवकरच कळलं, की नावांवर माझी भिस्त होती ती इथं कामाची नाही. उलट नाव हाच मोठा चकवा.

त्या दिवसांत तिथं एका किड्याचा भारी बोलबाला होता. स्पॉटेड लँटर्नफ्लाय. राखाडी पंखांवर काळे ठिपके, आतले पंख लालभडक. दिसायला सुरेख. पण मूळचा चीनकडचा, अमेरिकेत तो प्रथम सापडला २०१४ साली पेनसिल्व्हेनियात, न्यू जर्सीत २०१८ मध्ये पोचला. द्राक्षवेली आणि झाडं यांचा रस शोषून पार वाट लावतो, म्हणून सरकारनंच लोकांना सांगितलेलं, दिसला की पायाखाली चिरडा. दुकानाच्या दारात चांगली चांगली माणसं पाय आपटत असायची. माझ्यानं ते होत नसे. सांगायचा मुद्दा असा, की याच्या नावात 'फ्लाय' आहे, पण तो माशी नाही. पंख पसरले की पतंगासारखा दिसतो, पण पतंगही नाही. त्याला सोंडेसारखी टोचणारी चोच असते. तो हेमिप्टेरा गणातला, म्हणजे आपला मावा, तुडतुडे, ढेकूण यांच्या भाऊबंदातला. कूळ फुल्गोरिडी.

मग नातीनं यादीच काढली. बटरफ्लाय माशी नाही, ड्रॅगनफ्लाय माशी नाही, फायरफ्लाय माशी नाही, तो तर भुंग्यांच्या गणातला. मी म्हटलं, आमच्या मराठीचंही तेच की. मधमाशी ही माशी नाही, गांधीलमाशीही नाही. खऱ्या माशीला पंखांची एकच जोडी. मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक मुठी असतात, उडताना तोल सांभाळायला. मधमाशीला पंख चार. फुलांवर घिरट्या घालणारी एक पिवळी-काळी पट्टेवाली माशी असते, सिरफिडी कुळातली. हुबेहूब मधमाशीचं सोंग. पाखरं फसतात, माणसंही फसतात. पण पंख मोजले की सोंग उघडं पडतं. नांगी वगैरे काही नाही, साधी माशी!

नातीच्या बाईंनी, म्हणजे तिथल्या शिक्षिकेनं, मुलांना एक तक्ता दिला होता. त्याला 'की' म्हणतात, म्हणजे किल्ली. दर पायरीवर दोनच पर्याय. पंख आहेत की नाहीत? असले तर एक जोडी की दोन? पुढचे पंख कठीण कवचासारखे की पातळ? मिशा दोऱ्यासारख्या, की टोकाला गाठ असलेल्या, की कोपरात वाकलेल्या? एकेक उत्तर देत गेलं की वाट आपोआप अरुंद होत जाते आणि शेवटी कुळाच्या दारात आणून सोडते.

सगळ्यात गंमत वाटली पायांची. जमिनीवर पळणारे दोन काळे भुंगे घ्या. एक कॅराबिडी, एक टेनेब्रिओनिडी. माझ्यासारखीला दोन्ही एकच. फरक असा, की पहिल्याच्या तिन्ही जोड्यांच्या पावलांना पाच-पाच पेरं. दुसऱ्याच्या पुढच्या दोन जोड्यांना पाच-पाच, पण शेवटच्या जोडीला चारच. पाच-पाच-पाच आणि पाच-पाच-चार! वृत्ताच्या मात्रा मोजाव्यात तसं भिंग लावून मोजायचं. मी म्हटलं, हे मला जमणार. यमाताराजभानसलगं म्हणत मी आयुष्यभर दुसरं काय केलं?

असे दिवस मजेत चालले होते. पत्त्यांच्या मागचं माझं देवनागरी नात आता चोरून वाचायला लागली होती. जी पोर रविवारच्या मराठी शाळेत 'क' आणि 'फ' मध्ये घोळ घालायची, ती 'कॉक्सिनेलिडी' धडाधड वाचू लागली. मीही मनातून खूश होते.

ऑक्टोबरातली गोष्ट. एका संध्याकाळी मला तिच्यापुढे थोडी शेखी मिरवावीशी वाटली. म्हटलं, "तुमच्या यादीत आमचा मृगाचा किडा नाही. पहिला पाऊस पडला की शेतातल्या ओल्या मातीतून वर येतो. लाल मखमलीचा तुकडा असावा तसा! हात लावला की पाय पोटाशी घेऊन गप्प बसतो. याचं कूळ सांग बघू."

तिनं लगेच फोनवर शोधलं. फोटो सापडला. मी अगदी हरखून गेले, किती वर्षांनी बघत होते. तिनं बोटांनी फोटो मोठा केला, आणि तिची ती आता सवयच झाली होती, मोजायला लागली.

"आजी, पाय आठ आहेत."

"असतील."

"असतील काय? मग तो इन्सेक्ट नाही. कोळ्याचा चुलत भाऊ आहे. तू याला किडा का म्हणतेस?"

आणि माझ्या तोंडून उत्तर निघालं, "अगं, नावातच किडा आहे ना!"

ते वाक्य कानावर पडलं आणि माझ्या हातातले पत्ते तसेच राहिले. हेच वाक्य, याच शब्दांत, मी पूर्वी एकदा बोलले होते.

१९८३ सालचा जून महिना. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत मी होते. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, मृग लागलेला. पाचवीच्या वर्गाचे शास्त्राचे सर तालुक्याला मीटिंगला गेले होते, म्हणून त्यांचा तास माझ्याकडे आला. मुलांना गप्प बसवायचं तर काहीतरी द्यायला हवं. मी फळ्यावर 'कीटक' असं ठळक लिहिलं आणि म्हटलं, सांगा नावं. मुलं ओरडून सांगत गेली, मी लिहीत गेले. मुंगी, माशी, डास, फुलपाखरू, नाकतोडा, कोळी, मृगाचा किडा.

मागच्या बाकावरचा एक मुलगा न विचारता उभा राहिला. त्याचं नाव इथं लिहीत नाही. वस्तीवरून रानातून चालत शाळेत येणारा. अंगानं बारीक. म्हणाला, "बाई, मृगाचा किडा किडा न्हाई. त्याला आठ पाय हायत. कोळ्यालाबी आठ. सर म्हनले हुते, किड्याला सहा असत्यात. म्या मोजल्यात."

मी काय करायला हवं होतं हे आज कुणीही सांगेल. पण भाषेची बाई, तेहतीस वर्षांची, साठ मुलांचा वर्ग, आणि शास्त्र म्हटलं की आधीच पोटात गोळा. मी म्हटलं, "अरे, नावातच किडा आहे ना? मग किडा कसा नाही? उद्या म्हणशील, बाई बाई नाहीत!"

वर्ग खो खो हसला. मला तेच हवं होतं.

त्याला वाटलं असावं, बाईंना दाखवलं की पटेल. त्यानं खिशातून काडेपेटी काढली आणि बाकावर उघडली. पाच-सहा मृगाचे किडे बाहेर निघाले आणि बाकावरून चालायला लागले. शेजारच्या रांगेतली एक मुलगी किंचाळली. वर्गात एकच गोंधळ. मी भडकले. म्हटलं, आधी ते बाहेर फेक आणि तास संपेपर्यंत कान धरून उभा राहा. त्यानं एकेक किडा बोटानं उचलून काडेपेटीत ठेवला. पेटी अलगद मिटली. मग खिडकीतून बाहेर टाकली. आणि कान धरून उभा राहिला.

नातीला मी हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मोठ्या माणसासारखी माझी समजूत घातली. "आजी, तुला तेव्हा माहीत नव्हतं ना. मग इट्स ओके."

तिथंच गप्प बसले असते तर चाललं असतं. पण पोर मनापासून समजूत घालत होती, आणि ती खोट्या गोष्टीवर घातली जात होती. मग मला उरलेलंही सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी शास्त्राचे सर शिक्षकखोलीत वह्या तपासत होते. हसत म्हणाले, "बाई, काल तुम्ही कोळी आणि मृगाचा किडा कीटकांत घातलेत की. ते दोन्ही आठ पायांचे. कीटक नव्हेत ते." मी म्हटलं, "हो का? घाईत झालं." सरांनी वर्गात ती दोन नावं खोडायला लावली. माझं नाव न घेता. सज्जन माणूस.

म्हणजे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. त्यानंतर त्या वर्गावर माझा मराठीचा रोज तास होता. पाचवीनंतर सहावी, सातवी, अशी पाच-सहा वर्षं तो मुलगा माझ्यासमोर बसत होता. "तुझं बरोबर होतं रे," एवढं म्हणायला अर्धं मिनिट पुरलं असतं. ते अर्धं मिनिट मला त्या सगळ्या वर्षांत सापडलं नाही. पुढे पुढे मी ते विसरूनच गेले. विसरणं सोयीचं होतं.

नात काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "सॉरी म्हणाली नाहीस?"

"त्या काळी शिक्षक सॉरी म्हणत नसत."

तिनं मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, ऐकू आलं म्हणून. मग तिनं पत्ते माझ्या हातातून घेतले आणि म्हणाली, "आज मी तुला क्विझ करते."

त्या दिवसापासून आमची अदलाबदल झाली. ती चित्र दाखवायची, मी ओळखायचं. चुकले की ती 'चूक' म्हणायची नाही. म्हणायची, "परत मोज." मी शिक्षिका होते तेव्हा हे दोन शब्द मला का सुचले नाहीत कोण जाणे. मी 'चूक' म्हणायचे आणि पुढच्या मुलाला विचारायचे.

डिसेंबर आला. बाहेर सगळं गोठलं. किडा म्हणून दृष्टीला पडेना. नुसती चित्रं बघून आम्ही दोघी कंटाळलो. आणि एके दिवशी सून तांदळाचा डबा घेऊन वैतागत आली, "आई, अहो, सगळ्या तांदळाला सोंडे लागलेत!" आम्ही दोघी धावलोच. सुनेला कळेना, यांना आनंद कसला झाला. ताटात तांदूळ पसरला, भिंग आणलं. तांदळाच्या दाण्याहूनही लहान तो किडा, पण समोर लांब सोंड आणि सोंडेवर कोपरात वाकलेल्या मिशा, अगदी चित्रात दाखवल्याप्रमाणे. कर्क्युलिओनिडी! आयुष्यभर मी सुपात घेऊन पाखडले, उन्हात घातले, कडुलिंबाचा पाला टाकला. पण एकदाही त्याच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. सोंडा हे नाव ज्यानं कुणी ठेवलं त्या बाईनं मात्र नक्की पाहिलं असणार. सगळीच नावं फसवी नसतात. काही नावं नीट बघूनच ठेवलेली असतात.

जानेवारीत स्पर्धा झाली. एका कॉलेजच्या खोलीत टेबलांवर चित्रं आणि पेट्या मांडलेल्या. दोघींनी एका टेबलापुढे ठराविक मिनिटं थांबायचं, लिहायचं, घंटा झाली की पुढच्या टेबलाकडे. आम्ही पालक मंडळी बाहेर. मला तर मुलाच्या दहावीच्या वेळीही एवढी धाकधूक झाली नव्हती.

बाहेर आल्यावर नात म्हणाली, "एक भुंगा आलाच नाही. मैत्रीण म्हणाली, काहीतरी ठोकून देऊ. पण मी गणच लिहिला, कूळ रिकामं ठेवलं."

"का गं?"

"पाठीवर दोन कवचं मधोमध सरळ रेषेत मिळत होती, म्हणजे कोलिओप्टेरा नक्की. तिथपर्यंतच माहीत होतं."

पदक मिळालं नाही. नंबर बऱ्यापैकी वरचा आला, पण पदकाइतका नाही. घरी येताना गाडीत थोडी रडली, मग झोपली. मला मात्र तिच्या त्या रिकाम्या जागेचं कौतुक वाटत राहिलं. तिथपर्यंतच माहीत होतं, असं लिहून पुढची जागा मोकळी सोडायची. मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, पण मोकळी जागा कधी सोडली नाही.

फेब्रुवारीत मी परत आले. निघताना पोरीनं विमानतळावर कानात विचारलं, "त्या मुलाला फोन करशील?" मी हो म्हटलं. हो म्हणणं सोपं असतं. मार्च गेला, एप्रिल निम्मा गेला. शेवटी तिनंच व्हिडिओ कॉलवर विचारलं तेव्हा लाज वाटली आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून त्याचा नंबर मिळवला.

तो आता त्रेपन्न वर्षांचा आहे. गावीच असतो. शेती बघतो आणि मोटारी, पंप दुरुस्त करतो. नाव सांगितल्यावर एकदम, "बाई! तुमी? तब्येत बरी हाय न्हवं?" इकडच्या तिकडच्या चौकश्या झाल्या. मग मी विषय काढला. पाचवीचा वर्ग, काडेपेटी, मृगाचे किडे, सगळं सांगितलं. म्हटलं, तुला आठवतं का?

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो हसला.

"न्हाई बाई. ते दुसरं कोनतरी आसंल. मी आनि वर्गात उभा ऱ्हाऊन बाईंना उलट बोललो? मी तर धाव्वीपतुर वर्गात तोंडच उघडलं न्हाई. इचारा कुनालाबी."

मंडळी, त्याला आठवत असतं आणि तो रागावला असता, तर बरं झालं असतं. "जाऊ द्या बाई, त्यात काय" असं म्हणाला असता तरी चाललं असतं. पण आपण कधीकाळी वर्गात उभं राहून एक खरी गोष्ट सांगितली होती, हेच त्याच्या लक्षात उरलेलं नाही. लक्षात उरलं ते फक्त गप्प बसणं. तो माझ्यामुळेच गप्प झाला असं म्हणण्याचा अहंकार मी करत नाही. पुष्कळ कारणं असतील. पण त्यातलं एक मला माहीत आहे.

मी म्हटलं, "तूच होतास. मला पक्कं आठवतंय. आणि तुझं बरोबर होतं. त्याला आठ पाय असतात. मला दुसऱ्या दिवशी कळलं होतं, पण मी तुला सांगितलं नाही. माझं चुकलं."

तो जरा गोंधळला. "आसू द्या की बाई," म्हणाला. मग थोडं थांबून, "म्या मोजलं हुतं म्हनता?"

"हो. तू मोजलं होतंस."

"हं," म्हणाला. आणि फोन ठेवला.

२०२५ साली पाऊस मे महिन्यातच आला, तुम्हाला आठवत असेल. मृगाची वाटही पाहिली नाही त्यानं. जूनच्या सुरुवातीला एका सकाळी फोन वाजला. त्याच्याकडून एक फोटो आला होता. मजकूर काही नाही. ग्रीस लागलेला तळहात आणि त्यावर लाल मखमलीचा तो जीव. फोटो थोडा हललेला. मी चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा केला आणि मोजायला लागले. एका बाजूचे चार स्पष्ट दिसत होते, दुसऱ्या बाजूचे तीन. चौथा अंगाखाली दडला असावा.

मी त्याला लिहिलं, "सात दिसतात. परत मोज."

पाच मिनिटांनी दुसरा फोटो आला. स्वच्छ, जवळून घेतलेला. खाली लिहिलं होतं, "आट हायत बाई."

दोन्ही फोटो नातीला पाठवून दिले. तिकडे मध्यरात्र होती, सकाळी उठून बघितले तिनं. तिचं उत्तर देवनागरीत आलं, तिनं स्वतः टाइप केलेलं पहिलंच. "ट्रॉम्बिडिडी." शुद्धलेखनाची एकही चूक नाही!

असो. पाल्हाळ फार झालं. आता तुम्हाला एक काम सांगते. आमच्याकडे याला मृगाचा किडा म्हणतात. तुमच्या भागात काय म्हणतात ते जरूर कळवा. मी वहीत यादी करते आहे. आणि पुढच्या पावसात कुठं दिसला, तर नाव काहीही असो, आधी पाय मोजा. लहान मूल जवळ असेल तर त्याला मोजू द्या.